कसोटीचा दगड आणि गांगेयदेवाची लक्ष्मी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अधारताल येथे झालेल्या सभेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून हा सुवर्णमहोत्सव. सुवर्णाच्या नावाने एवढा सोहळा व्हावा आणि प्रत्यक्ष सुवर्णाविषयी कोणी चार शब्द बोलू नयेत, हे बरे दिसत नाही, असे कार्यकारिणीला वाटले असावे. म्हणून हे काम आमच्याकडे आले. आम्ही सराफ नाही, अर्थशास्त्रज्ञ नाही आणि पुरातत्त्ववेत्ते तर नाहीच नाही. आमची पात्रता एवढीच की, सोन्याच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आणि ती निस्तरताना आम्हाला पुष्कळ शिकावे लागले. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे. घरात साठविलेले नव्या घडणीचे सोने, म्हणजे बिस्किटे किंवा बँकेतून आणलेले तुकडे, देऊन त्यांच्या मोबदल्यात जुने ऐतिहासिक सुवर्णनाणे घ्यावे काय, आणि घ्यायचेच तर कोणत्या बेताने घ्यावे, हा तो विषय.

प्रथम आमची चूक सांगतो. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात एक लहानसे सोन्याचे नाणे होते. एका बाजूस मांडी घालून बसलेली चतुर्भुज देवी, दुसऱ्या बाजूस तीन ओळींत काही अक्षरे. केव्हातरी कोणी त्याला डाख देऊन कडी बसविली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आजी त्याला हळदकुंकू वाही आणि वर्षभर ते तांदळाच्या वाटीत ठेवी. ती अक्षरे कोणी वाचली नव्हती. देवीची मूर्ती आहे एवढे आजीला पुरे होते, आणि सोने आहे एवढे आम्हाला.

१९७४ साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. ज्येष्ठांना तो काळ आठवत असेल. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले, १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो पुढे १९९० पर्यंत टिकला. सामान्य गृहस्थाला सोन्याची लगड किंवा बिस्किट बाळगण्यास मनाई होती. साहजिकच लग्नघरी जुने मोडून नवे करणे हाच राजमार्ग होता. आजी तेव्हा हयात नव्हती. तिची जुनी वाकी, एक फुटकी नथ आणि ते नाणे घेऊन आम्ही सराफाकडे गेलो. त्याने कसोटीवर घासून पाहिले, तराजूत टाकले आणि म्हणाला, "नाणे चार ग्रॅमच्या आसपास आहे, कसाला थोडे उतरते. मोडायचे ना?" आम्ही मान डोलावली. त्या गृहस्थाने वजनात लबाडी केली नाही की हिशेबात कसर ठेवली नाही. दोष सर्वस्वी आमचा. बहिणीच्या पाटल्या झाल्या आणि लक्ष्मी मुशीत गेली.

पुढे कित्येक वर्षांनी एका परिचितांकडे नाणकशास्त्राचे एक पुस्तक चाळीत असता एका चित्रावर आमची नजर खिळली. तीच देवी, त्याच तीन ओळी. खाली वाचन दिले होते : 'श्रीमद् गांगेयदेव'. आपल्या या जबलपुरापासून भेडाघाटाच्या वाटेवर जे तेवर नावाचे खेडे लागते, तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. आणि सुमारे १०१५ ते १०४१ या काळात तेथे राज्य करणारा गांगेयदेव, ज्याने विक्रमादित्य ही पदवी धारण केली, त्याचे ते नाणे. म्हणजे जवळजवळ एक सहस्र वर्षे जे टिकले, ते आमच्या एका मान डोलावण्याने नाहीसे झाले!

या नाण्याचे महत्त्व केवळ स्थानिक अभिमानाचे नाही. उत्तर भारतात सोन्याची नाणी पाडण्याची परंपरा दीर्घकाळ क्षीण झाली होती. गांगेयदेवाने ती जोमाने पुन्हा सुरू केली. एका बाजूस राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस बसलेली लक्ष्मी आणि वजन सुमारे ४ ग्रॅम, हा त्याने घालून दिलेला नमुना पुढे चंदेल्लांनी उचलला, कनोज-काशीच्या गाहडवालांनी उचलला, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, ११९२ च्या तराईच्या विजयानंतर महंमद घोरीनेही आपले नाव नागरी लिपीत घालून लक्ष्मीची तीच मूर्ती आपल्या सुवर्णनाण्यावर कायम ठेवली. राज्य बदलले, धर्म बदलला. परंतु बाजाराचा ज्या मुद्रेवर विश्वास बसला होता, ती बदलण्याचे धाडस विजेत्यालाही झाले नाही.

या कलचुरींचा इतिहास उजेडात आणण्यात मराठी पंडितांचा वाटा मोठा आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा महाग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, आणि तत्पूर्वी सागर विद्यापीठातर्फे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी त्रिपुरीचे उत्खनन केले. ज्या भाषिकांनी हे काम केले, त्यांच्याच एका घरात ते नाणे मोडीत निघावे, याची लाज आम्हाला आजही वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बिस्किट आणि नाणे या दोहोंत सोनेच आहे. मग भेद कोठे? बिस्किट हे केवळ वजन आहे. दहा ग्रॅमचा एक तुकडा दुसऱ्या दहा ग्रॅमच्या तुकड्यासारखाच असतो, आणि हाच त्याचा गुण होय. रात्री अपरात्री दवाखान्याची वेळ आली, तर कोणत्याही गावी, कोणत्याही सराफाकडे त्याचे मोल त्या दिवसाच्या भावाने उभे राहते. नाण्याचे तसे नाही. नाण्यात वजनाबरोबर नाव असते. आणि नावाचे मोल ते ओळखणाराच देऊ शकतो. ओळखणारा न भेटला तर गांगेयदेवाचीही गणना चार ग्रॅमच्या तुकड्यातच होते. आमच्या बाबतीत तेच झाले.

हा भेद आपल्या कायद्यानेही मानला आहे. १८७८ चा भूमिगत निधीविषयक कायदा असे सांगतो की, दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन ज्याला सापडेल, त्याने जिल्हाधिकाऱ्यास कळविले पाहिजे. आणि ते धन सरकारने घ्यायचे ठरविल्यास धातूची जी किंमत होईल ती, आणि तिच्यावर एक पंचमांश, एवढी रक्कम हक्कदारास द्यावी. अर्थात कायद्याच्या लेखी इतिहासाचे मोल सोन्याच्या पाचव्या हिश्श्याइतके! संग्राहकांच्या बाजारात हे प्रमाण कधी याहून कमी असते, कधी अनेक पटींनी अधिक. पण सोन्यावर काही तरी अधिक आहे, हे इंग्रजांच्या रूक्ष कायद्यालाही कबूल करावे लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हे अधिकचे मोल न ओळखल्यामुळे किती नाणी गेली असतील! आपण ज्या अधारतालात बसलो आहोत, त्या तलावाचे नाव राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्यावरून पडले, असे परंपरा सांगते. १५६४ साली राणी रणात पडल्यावर आसफखानाने चौरागड घेतला. तेथे त्याला अल्लाउद्दिनाच्या अशर्फ्यांनी भरलेले शंभर मोठे रांजण मिळाले, असे 'अकबरनामा' सांगतो. सहस्र हत्तींपैकी दोनशेच त्याने बादशहाकडे पाठविले आणि बाकीची लूट स्वतःकडे ठेवली, हेही तेथेच नमूद आहे. त्या रांजणांचे पुढे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. नवा राजा आला की जुने सोने टाकसाळीत जाते आणि नव्या नावाने बाहेर पडते. १९४६ च्या फेब्रुवारीत भरतपूर संस्थानात बयानाजवळ गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा प्रचंड निधी निघाला. त्यातील १८२१ नाणी हाती लागली आणि डॉ. अ. स. आळतेकर यांनी १९५४ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. परंतु ती शासनाच्या हाती येण्यापूर्वीच काही नाणी गावातच वितळली होती. त्यांवर काय होते, हे आता कोणासही कळणार नाही. वितळलेल्या सोन्याला माहेर नसते.

१९९० साली नियंत्रण उठले आणि आम्हीही इतरांप्रमाणे दर दिवाळीस थोडेथोडे सोने घेऊ लागलो. काही वर्षांनी चार तुकडे जमल्यावर मनात आले की, यातील एक देऊन आजीच्या लक्ष्मीसारखे नाणे परत आणावे. येथून आमची खरी शिकवणी सुरू झाली.

एका मोठ्या शहरातील एका विक्रेत्याकडे आम्ही गेलो. त्याने तबकात मांडलेली गांगेयदेवाची दोन नाणी दाखविली आणि एका नाण्यास नऊ ग्रॅम शुद्ध सोने मागितले. आम्ही शहाणपणाने ते आमच्या ओळखीच्या सराफाकडून कसोटीवर घासून घेतले. सोने अस्सल, वजन बरोबर. सौदा ठरल्यातच जमा होता. सुदैवाने आमच्याबरोबर एक वृद्ध संग्राहक आले होते. त्यांनी भिंगातून दोन्ही नाणी शेजारी धरून पाहिली आणि आम्हाला दाखविली. देवीच्या उजव्या गुडघ्यापाशी एका नाण्यावर जो सूक्ष्म खड्डा होता, तोच खड्डा त्याच जागी दुसऱ्यावरही होता. कडेवरून फिरणारी बारीक रेघ होती आणि पृष्ठभाग रवाळ होता. जुनी नाणी हातोड्याच्या घावाने पाडीत. घाव दरवेळी निराळा बसतो, त्यामुळे दोन नाणी सख्ख्या बहिणींसारखी असली तरी जुळी नसतात. ही दोन एकाच साच्यातून ओतलेली होती. मूळ नाण्याला मोल धातूच्या दुप्पट असेल, तर खऱ्या सोन्याचे खोटे नाणे करणे ठकाला परवडते!

त्या दिवशी आम्हाला जे कळले, तेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे. कसोटीचा दगड सोने ओळखतो. नाणे ओळखत नाही. पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढले, शुद्ध सोन्याचे १९.३ आणि चांदीचे १०.५ हे आकडे पाठ असले, तरी त्यातून भेसळ कळेल, काळ कळणार नाही. त्यासाठी भिंग हवे, पुस्तक हवे, अनेक अस्सल नाणी पाहून तयार झालेली नजर हवी. आणि आपल्यापाशी ती नसेल तर ज्याच्यापाशी आहे अशा निःस्पृह माणसाची संगत हवी. नाशिकजवळ आंजनेरी येथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. जिज्ञासूंनी तेथील ग्रंथसंग्रह अवश्य पाहावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अशा व्यवहारात दोन्ही पारड्यांत सोनेच असते. म्हणून मोजदाद रुपयांत न करता ग्रॅममध्ये करावी. चार ग्रॅमच्या नाण्याला सात ग्रॅम द्यावे लागले, तर तीन ग्रॅम आपण नावासाठी दिले. जुन्या नाण्याचा कस कमी असेल, तर त्यातील शुद्ध सोने चारहून कमी भरेल आणि नावासाठी दिलेला भाग तितकाच वाढेल. उद्या ते नाणे विकण्याची पाळी आली, तर हे तीन ग्रॅम परत येतील अशी हमी कोणी देत नाही. विक्रेता आपला नफा राखणार, आणि सराफ तर नावाचे काही देणारच नाही. म्हणून जे सोने मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी ठेवले आहे, त्याचे नाणे कदापि करू नये. जे आपण आयुष्यात मोडणार नाही, अशाच सोन्याला नाव द्यावे.

मग या काळात असा व्यवहार करावाच का? येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. सोने असे चढते तेव्हा सर्वच जुनी नाणी त्याच गतीने चढतात असे नाही. विपुल मिळणाऱ्या नाण्यांचे मोल धातूच्या मोलाच्या अगदी जवळ येऊन ठेपते. बिस्किट देणाऱ्याला तेव्हा थोड्या ग्रॅममध्ये नाणे मिळते, ही संधी. आणि त्याच वेळी घराघरातील नाणी मुशीत जाण्याची भीती सर्वाधिक, हे संकट. दोन्ही एकाच भावातून जन्मतात. आपल्या आज्यांच्या गिन्यांचेच पाहा. ७.९९ ग्रॅम वजनाची, २२ कॅरटची ही इंग्लंडची गिनी १९१८ साली मुंबईच्या टाकसाळीतही पाडली गेली आणि 'आय' हे इंग्रजी अक्षर तिची खूण म्हणून घातले गेले. त्या एका वर्षानंतर मुंबईत गिनी पुन्हा निघाली नाही. भिंग लावून ते अक्षर न पाहताच अशी गिनी मोडणे म्हणजे पत्र न वाचताच लिफाफा जाळणे होय. पुतळ्यांची माळ ज्यांच्या घरी आहे त्यांनीही एकदा नीट पाहावे. मुळातली 'पुतळी' ही व्हेनिस नगरीच्या डुकाटाची मराठी संज्ञा. त्या नाण्यावरील उभ्या आकृत्यांवरून आपल्या बायकांनी तिला हे गोड नाव दिले. बहुतेक माळांत पुढे घडविलेल्या नकला असतात. पण अस्सल पुतळी कोणत्या माळेत दडली असेल, याचा नेम नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगून हा भाग संपवितो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिनीही आता त्या मर्यादेपलीकडे गेली आहे. म्हणून परदेशी असलेल्या मुलानातवंडांच्या सामानात आजीची मोहोर प्रेमाने घालण्याचा मोह टाळावा. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. तो पाहावा आणि पावती घ्यावी. सोन्याच्या मोबदल्यात नाणे घेणे हेही आयकराच्या दृष्टीने हस्तांतरणच आहे, तेव्हा जुन्या सोन्यावर झालेला नफा दडवू नये. आणि "शेतात नांगरताना सापडले, कोणाला सांगू नका" असे म्हणून कोणी नाणे पुढे केले, तर हात मागे घ्यावा. ते खरे असेल तर गुन्हा आहे, आणि खोटे असेल तर फसवणूक.

आता आमच्या गोष्टीचा शेवट. त्याच वृद्ध स्नेह्यांच्या मध्यस्थीने पुढे दोन वर्षांनी आम्हाला गांगेयदेवाचे एक नाणे मिळाले. एका जुन्या संग्रहातील, कागदाच्या लहान पाकिटात ठेवलेले. पाकिटावर पूर्वीच्या मालकाने शाईने वजन, वाचन आणि घेतल्याचे वर्ष लिहिलेले होते. सात ग्रॅम सोने दिले, रीतसर पावती घेतली. घरी आल्यावर आमच्या पत्नीने ते चिंचेने उजळायला घेतले, तेव्हा आम्ही धावत जाऊन तिचा हात धरला. कारण जुन्या नाण्याला घासणे म्हणजे त्याच्या अंगावरचा काळ खरवडून काढणे. तिने ते मान्य केले, पण मुकाट्याने नव्हे. "देवाला काळे ठेवायचे आणि भांडी लखलखीत, ही कुठली रीत?" असे तिने विचारलेच.

त्या दिवाळीला बहीण माहेरी आली होती. तिच्या हातावर आम्ही नाणे ठेवले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरची ती बाई लहान मुलीसारखी बघत राहिली. आम्ही विचारले, "तुझ्या त्या पाटल्या आहेत का ग अजून?" ती म्हणाली, "दादा, त्या तर मी केव्हाच मोडल्या. सुनेचे मंगळसूत्र केले. त्यातले किती उरले नि किती गेले, कोणाला ठाऊक!" मग जरा थांबून म्हणाली, "ही आजीची नाही. पण आजीला चालली असती."

बंधुभगिनींनो, ही आजीची लक्ष्मी नव्हे, हे आम्हीही जाणतो. जे गेले ते सात ग्रॅम देऊन परत येत नाही. सातशे देऊनही येत नाही. म्हणून बिस्किट देऊन नाणे घेण्याचा सल्ला देण्यापूर्वी आम्ही त्याहून सोपा, बिनखर्चाचा सल्ला देतो. आपल्या देव्हाऱ्यात, तांदळाच्या वाटीत, बँकेतील पेटीच्या तळाशी जे जुने नाणे असेल, ते एकदा बाहेर काढा. त्याला घासू नका, कडी बसवू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, वजन लिहून ठेवा, कोणाकडून आले ते लिहून ठेवा आणि तो कागद नाण्याबरोबर ठेवा. मंडळाने या वर्षी एक दिवस असा योजावा की, ज्या दिवशी खरेदी नाही, विक्री नाही, भावाची चर्चाही नाही. फक्त भिंग, तराजू आणि जाणकार. अक्षरे वाचून घ्यावीत आणि नाणे ज्याचे त्याने घरी न्यावे. १९७४ साली असा एक दिवस आमच्या वाट्याला आला असता, तर आजचे हे व्याख्यान द्यावे लागले नसते. आणि ते न द्यावे लागणेच आम्हाला अधिक आवडले असते.